चुलीवरची साखळी

रशियनांनी अल्खास्तला ओलीस म्हणून किल्ल्यात नेलं, तेव्हा तो एवढासा होता. आज, इतक्या वर्षांनी, तिथून पळून, डोंगर तुडवत तो जीव मुठीत धरून आपल्या घरी पोचला. आत आई चुलीपाशी बसली होती, काका बिसोल्त खंजिराला धार लावत होता. उंबरा ओलांडताना अल्खास्तने टोपी काढली. किल्ल्यात तीच सवय लागली होती.

बिसोल्त ताडकन उठला. "आपला माणूस मेला तरी टोपी काढत नाही. हेर आहे हा!"

"काका, मी अल्खास्त!"

"बोलायची ढबसुद्धा तिकडचीच! अरे, आमच्या पोराला मारलंत, आता त्याचं नावही चोरता?"

खंजीर उगारला गेला, तशी अल्खास्तने चुलीवर लोंबणारी, भांडं अडकवायची साखळी गच्च धरली. ती धरणाऱ्याला त्या छपराखाली कुणी मारत नाही, एवढं त्याच्या ध्यानात होतं. तापल्या लोखंडाने तळवा चरचरला.

आई त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"पाहुण्या," ती म्हणाली, "साखळी सोडू नकोस. सोडलीस तर मी याला अडवणार नाही."