घोड्याच्या मानेवरची रेघ

गिल्बर्ट ॲस्क्यूचं चुकत नाही, असं ॲव्हन नदीकाठच्या त्या गावातली नाणीवाली मंडळी धरूनच चालत, आणि सर्वांत आधी ते गिल्बर्टनं स्वतः धरलेलं होतं. जन्मभर त्यानं गावाला चष्मे करून दिले, आणि निवृत्त झाल्यावर भिंग तेवढं हातात ठेवलं. पहिल्या चार्ल्स राजाच्या काळातलं, हातोड्यानं पाडलेलं चांदीचं नाणं त्याच्यासमोर ठेवायचा अवकाश, तो टांकसाळ सांगे, ठसा सांगे, कुणी कडेची चांदी चोरून कातरली असेल तर तेही सांगे. क्लबात त्याला मॅजिस्ट्रेट म्हणत. तो आपला "काहीतरीच काय" म्हणे, पण नाव त्याला आवडायचं.

त्या रविवारी सकाळी मात्र मॅजिस्ट्रेटसाहेब स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून होते आणि पुढ्यातला टोस्ट गार होऊन वातड झाला होता. टेबलावरच्या कापडावर दोन नाणी शेजारी शेजारी होती. दोन्हींवर घोड्यावर बसलेला राजा, दोन्हींवर कडेच्या अक्षरांत वूस्टरच्या टांकसाळीची खूण म्हणून चिमुकली नाशपाती, आणि दोन्हींवर घोड्याच्या मानेवरून आडवी गेलेली केसाएवढी रेघ. त्यातलं एक बनावट होतं. दुसरं नॉरिस टिंडलचं, त्याच्या जिवलग मित्राचं. तेही बनावट आहे असा निकाल गिल्बर्टनं गेल्या ऑक्टोबरात भर सभेत दिला होता.

निकाल साफ चुकला होता.

नॉरिसचं पूर्वी बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान होतं. नाण्यांचा नाद त्याला गिल्बर्टनंच लावला. नाण्यांचा मेळा कुठेही भरो, दोघं नॉरिसच्या खटारा व्हॅनमधून जायचे, एकाच थर्मासमधला चहा प्यायचे, वाटेतल्या दुकानातले सॉसेज रोल खायचे आणि परतताना कुणाची खरेदी फसली यावरून भांडायचे. नॉरिसला परसात बटाटे खणताना ते नाणं सापडलं, तेव्हा त्यानं पहिला फोन गिल्बर्टलाच केला. आनंदानं त्याला धड बोलता येत नव्हतं. "घोडा आहे रे, घोडा! आणि नाशपाती! माझ्या बटाट्यांत!"

वूस्टरचं नाणं गिल्बर्टकडे नव्हतं. आयुष्यभर शोधूनही मिळालं नव्हतं, लिलावात हातातोंडाशी येऊन गेलं होतं. फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही, आणि याला मत्सर म्हणतात. त्यानं तो शब्द त्या दिवशी जवळही फिरकू दिला नाही. म्हातारपणीचं अपचन म्हणून सोडून दिलं.

क्लबाचा शिरस्ता असा, की कुणी नवं नाणं आणलं की ते आधी टेबलाभोवती फिरवायचं. प्रत्येकानं कडेला धरून बघायचं, मनात येईल ते बोलायचं, आणि गिल्बर्टनं शेवटी बोलायचं. दुसरा शिरस्ता काळ्या ट्रेचा. बनावट नाणी त्यात जमवून ठेवलेली असत, नवख्यांची नजर तयार व्हावी म्हणून. ज्याचं नाणं खोटं निघेल त्यानं ते निमूट त्या ट्रेत टाकायचं. रुसायचं नाही, भांडायचं नाही.

ऑक्टोबरातल्या त्या सभेत नॉरिसचं नाणं हातोहात फिरलं. लोक हरखले, कुणी शिटी वाजवली. गिल्बर्टनं भिंग लावलं, घोड्याच्या मानेवरची रेघ पाहिली, आणि काही न बोलता काळ्या ट्रेतून एक जुनी नक्कल काढून शेजारी ठेवली. तिच्याही घोड्याच्या मानेवर हुबेहूब तीच रेघ. "एकाच साच्यातली भावंडं," तो म्हणाला. "वाईट वाटतं, नॉरिस. पण ओतीव आहे हे. फार जुनंही नसावं."

क्लबाचा चिटणीस बॅझिल, ज्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, म्हणाला, "काय रे नॉरिस, बटाट्यांबरोबर पेरलं होतंस की काय?" सगळे हसले. गिल्बर्टही हसला. जरासाच, पण हसला.

बाकीचं लोकांनी आपापलं जुळवलं. नव्या जमान्यातली नक्कल याच्या परसात कशी उगवेल? तेव्हा नॉरिसनं ती कुठल्या तरी बाजारात घेतली आणि भाव खायला बटाट्यांची गोष्ट रचली. गिल्बर्टनं त्याला खोटारडा कधीच म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. नॉरिसनं नाणं ट्रेत टाकलं, कोट चढवला, आणि त्यानंतर तो क्लबाकडे फिरकला नाही. व्हॅन दारात उभी राहिली. नाताळात त्याच्याकडून कार्डसुद्धा आलं नाही.

आणि काळा ट्रे सांभाळायचं काम गिल्बर्टचं, त्यामुळे सगळा हिवाळा ते नाणं त्याच्याच कपाटात होतं.

त्या रविवारी नव्या सभासदांसाठी भाषणाची तयारी करावी म्हणून त्यानं दोन्ही नाणी उजेडात घेतली, आणि या वेळी, मत्सर विरून गेला असल्यामुळे म्हणा, कड पाहिली. एका साच्यातून ओतलेली नाणी बाहेरच्या आकारानंही जुळी असतात. हातोड्याखालून निघालेलं प्रत्येक नाणं मात्र वेगळं, कुठे चेपलेलं, कुठे ठसा सरकलेला. नॉरिसच्या नाण्यावर ठसा सरकून नाशपाती अर्धी कापली गेली होती. नकलेवर ती अख्खी होती. म्हणजे ही जुळी नव्हेत. टांकसाळीतल्या मूळ ठशालाच तडा गेलेला होता, आणि त्या ठशानं पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उमटली होती. नक्कल कुणीतरी अशाच एखाद्या खऱ्या नाण्यावरून ओतली होती. हे तो नवख्यांना पहिल्याच धड्यात शिकवत असे. कड पाहायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवशी त्यानं ती पाहिली नाही, कारण त्याला पाहायची नव्हती.

रविवार गेला, सोमवार गेला. फोन करायला म्हणून तो उठे आणि किटली लावून परत बसे. मंगळवारी दुपारी मात्र त्यानं नाणं पुडीत घालून खिशात टाकलं आणि तो नॉरिसच्या घरी निघाला. संध्याकाळी सभा होती, त्याआधी हे उरकायला हवं होतं.

फाटकापाशी एनिड गुलाबाच्या फांद्या बांधत होती. नॉरिसची बायको. पूर्वी गिल्बर्ट दिसला की ती आतूनच ओरडायची, "आला बघ तुझा नवरा!" आज तिनं हातातली सुतळीसुद्धा खाली ठेवली नाही.

"नॉरिस आहे का गं?"

"झोपलाय." सुतळीला गाठ मारून तिनं ती करकचून ओढली. "तुला एक विचारू, गिल्बर्ट? मी त्याच्या शेजारी उभी होते. बादली धरून. कुदळीला खट्ट झालं ते मी ऐकलं, नाणं मी माझ्या ॲप्रनला पुसणार होते, तर हा ओरडला, पुसू नकोस, ओरखडे पडतील! हे मी चर्चमध्ये सांगितलं, खाटकाकडे सांगितलं. माना डोलावतात सगळे. तुम्ही एवढे शहाणे लोक, एकाला तरी वाटलं का, की जाऊन त्या बाईला विचारावं?"

गिल्बर्टचा हात खिशात होता. पुडी बोटांना लागत होती. सांगून टाक, असं मन ओरडत होतं, आणि तोंडातून आलं ते भलतंच. "संध्याकाळी क्लबात येईल का तो?"

"येणार आहे. का ते मलाही सांगत नाही." तिनं पाठ फिरवली. "जा आता. तुझ्यामुळे माझा गुलाब सुटतोय."

स्वतःची इतकी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती. रस्त्यानं जाताना त्यानं ठरवलं, सभेत सांगायचं. जिथे मान खाली घालायला लावली तिथेच वर करायची, तेच योग्य. पळपुटेपणाला असं भारदस्त कारण सापडलं की माणसाला चालायला बरं पडतं.

चर्चच्या हॉलमध्ये नेहमीची मंडळी जमली होती. बिस्किटांची ताटली फिरत होती. गिल्बर्ट उठणार, एवढ्यात दारातून नॉरिस आला. वाळला होता. कोट अंगावर लोंबत होता. तो बसला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "ते नाणं. बागेत नव्हतं सापडलं. बाजारात घेतलं होतं. मोठेपणासाठी थाप मारली. चुकलं माझं."

मग बॅझिल उठला, त्यानं नॉरिसच्या पाठीवर थाप मारली. "अरे, एवढंच ना! मी तर एकदा कोटाचं बटण लिलावात विकायला नेलं होतं! बस, बस. चहा आणा रे याला. साखर दोन ना अजून?" हसणं उसळलं. खुर्ची ओढली गेली. कुणीतरी नॉरिसच्या पुढ्यात नाणं सरकवून विचारलं, हे कसं वाटतं बघ. नॉरिसनं ते कडेला धरलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की गिल्बर्टला पाहवेना.

खोटी कबुली होती ती. हॉलमध्ये हे ठाऊक असलेली माणसं दोनच. आणि त्यातला गिल्बर्ट काय करत होता, तर नॉरिसनं टेबलावरून पुढे केलेला हात हातात घेत होता. "झालं गेलं विसर, नॉरिस," असंही तो म्हणाला. आपलेच शब्द कानावर पडले तेव्हा त्यानं तो हात घाईनं सोडला.

सभा संपताच त्यानं नॉरिसला व्हॅनपाशी गाठलं. पुडी उघडून तळहातावर धरली.

"खरं आहे हे. मी कडच पाहिली नव्हती. ठशाचा तडा आहे तो. नॉरिस, खरं आहे!"

"मला काय सांगतोस?" नॉरिस म्हणाला. "मीच खणून काढलंय ना."

"मग आत तसं का बोललास?"

नॉरिसनं व्हॅनच्या दाराला टेकून श्वास घेतला. "हिवाळाभर विचार केला. आपल्या दोघांतलं कुणीतरी एक चुकल्याशिवाय आपण परत एका टेबलाशी बसणार नव्हतो. आणि तू काही चुकणाऱ्यातला नाहीस. म्हटलं, मीच चुकतो. काय फरक पडतो? अरे, घरात बसून बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती."

गिल्बर्टला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात येऊ नये तसं आलं. "मी आत जाऊन सांगतो सगळ्यांना."

"मुळीच नको. आत्ता कुठे चहा मिळाला मला. आता तू जाऊन सांगणार, मग मी आज खोटं बोललो असं होणार, परत सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. राहू दे. फक्त एक कर. एनिडला सांग. आज मी तिलाही खोटं पाडलंय, आणि ते तिला उद्या खाटकाकडेच कळेल. माझ्यानं तिच्यासमोर उभं राहवायचं नाही."

गिल्बर्टला हे पटलं. खरं सांगायचं तर फार लवकर पटलं. व्हॅनमध्ये बसताना त्याच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलंसुद्धा.

एनिडनं दार उघडलं. गिल्बर्टनं टोपी काढली, तिच्या तळहातावर नाणं ठेवलं, आणि सगळं सांगितलं. रेघ, कड, मत्सर, ते हसणं, आणि आज नॉरिस सभेत काय बोलला तेही. काही लपवलं नाही. "माझं चुकलं, एनिड," असं म्हणताना तो शब्द तोंडाला इतका नवा वाटला की त्याची जीभ अडखळली.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नॉरिस पायपुसण्याकडे बघत होता. तिनं हात उचलला तेव्हा गिल्बर्टला वाटलं, ही आता मारते. तिनं नॉरिसच्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली, बस्स. मग ती गिल्बर्टकडे वळली.

"हे तू तिथे सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"नाही. नॉरिसच म्हणाला की..."

"मग इथे कशाला सांगतोस? मला तर माहीतच होतं."

तिनं गिल्बर्टचा हात ओढून नाणं त्यात परत कोंबलं.

"एनिड, अगं, जाऊ दे ना," नॉरिस पुटपुटला.

"तू गप. तुझ्याशी मी नंतर बोलणारे, आणि बराच वेळ बोलणारे. व्हॅन फिरव. लोक अजून घरी गेले नसतील."

नॉरिसनं व्हॅन परत चर्चकडे वळवली. हॉलचे दिवे चालू होते. दोघं-तिघं दारात कोट चढवत गप्पा हाणत होते आणि आत बॅझिल खुर्च्या एकावर एक रचत होता. नॉरिसनं इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही, स्टिअरिंगला धरून समोर बघत राहिला. गिल्बर्ट एकटाच आत गेला.

"काय मॅजिस्ट्रेट, काही विसरलात का?" बॅझिलनं विचारलं.

"खुर्च्या राहू देत, बॅझिल," गिल्बर्ट म्हणाला. "आणि बाहेरच्यांना आत बोलाव. नॉरिस आज खोटं बोलला. ते माझ्यामुळे."