मोठ्या उंचवट्यामागची हाक

मावशीला आपल्या कानांचा भारी अभिमान होता, आणि त्या कानांबद्दल तिच्या तोंडावर शंका काढायची कुणाची छाती नव्हती. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर तिचा आणि मास्तरांचा डर्ट बाईकचा ट्रॅक होता. मास्तर म्हणजे तिचे यजमान. पोरापोरींना गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून मास्तर. मावशी पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायची. हात पान्यावर, डोळे इंजिनात आणि कान बाहेर. कुणाची चेन सैल झालीय, कुणाचा प्लग गेलाय, कोण मेला पहिल्या गिअरमध्येच गाडीचा जीव घेतोय, हे तिला मान वर न करता कळायचं.

शेडच्या दारातून बराचसा ट्रॅक दिसायचा. दिसायचा नाही तो मोठ्या उंचवट्यापलीकडचा उतार. तिथला सगळा हिशोब कानांचा. चार गाड्या पलीकडे गेल्या आणि आवाज तिघांचाच राहिला, की मावशी पाना टाकून पळालीच म्हणून समजा.

आता असल्या बाईपुढे बिनआवाजाच्या गाडीचा विषय काढायचा म्हणजे मास्तरांच्या धाडसाला दादच द्यायला हवी. पण बिचारे काढतील नाही तर काय करतील? ट्रॅकच्या भिंतीला लागून नवी घरं झाली होती. तिथल्या लोकांच्या कानठळ्या बसत होत्या. जागामालक भला माणूस, येऊन चहा प्यायला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मावशी, लोक माझ्या दारात येऊन बसतात हो. या महिन्यात आवाज बंद करा, नाहीतर जागा सोडा. मला वाईट वाटतंय, पण माझाही नाइलाज आहे."

"इलेक्ट्रिक आणू," तो गेल्यावर मास्तर म्हणाले. त्यांचा घसा इंजिनांवरून ओरडून ओरडून कायमचा बसलेला, त्यामुळे साधं बोललं तरी कानात गुपित सांगितल्यासारखं वाटायचं. "क्लच नाही, गिअर नाही, धूर नाही. नवी पोरं आठवड्यात शिकतील."

"तो मिक्सर?" मावशी कडाडली. "छे, मिक्सरला निदान आवाज तरी असतो!"

"आई, एकदा चालवून तर बघू," त्यांची धाकटी लेक म्हणाली. थोरलीनं आयुष्यात कधी गाडीला हात लावला नाही. धाकटी मात्र चालायला शिकली तीच या ट्रॅकवर, आणि आता तिच्याइतकी उंच उडी घेणारं तिथे कुणी नव्हतं.

"तू तर बोलूच नकोस! गेल्या वर्षी उंचवट्यामागे पडलीस, पाय सायलेन्सरखाली अडकला. इंजिन थांबलं तशी मी धावले की नाही? या कानांनी वाचवलंय तुला. उद्या तुमची ती मुकी गाडी तिकडे आडवी झाली, तर मला काय स्वप्न पडणार आहे?"

धाकटीनं कप उचलले आणि धुवायला घेऊन गेली.

"तिथे झेंडेवाला उभा करू. कुणी पडलं की झेंडा दाखवेल," मास्तरांनी सुचवलं.

"स्पर्धेला ठीक आहे हो. रोजच्या सरावाला कोण उन्हात उभं राहणार, माझे सासरे?"

"मग ट्रॅक बंद करू या का?"

ट्रॅक तर मावशीला हवाच होता. पण पलीकडे पोरगी निपचित पडलीय आणि आपण अलीकडे निवांत नटबोल्ट आवळतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की ट्रॅक गेला खड्ड्यात, असंच तिला वाटायचं. शेवटी एक दिवस चालवून बघायचं, एवढ्याला ती कशीबशी कबूल झाली. "एक पोर जरी पडलं, तरी त्या गाड्या परत," हे बजावून.

ठरल्या सकाळी इलेक्ट्रिक गाड्या विकणारा बॅटरीवाला टेम्पोतून चार गाड्या घेऊन आला. पांढरेशुभ्र बूट घालून आलेला माणूस, तिथेच मावशीच्या मनातून उतरला. तिनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं.

"तेल कुठे घालायचं?"

"तेल लागतच नाही, मावशी. चेनला काय लागेल तेवढंच."

"मग मी इथे काय माश्या मारू?"

"ब्रेक आहेत, टायर आहेत, सस्पेन्शन आहे. पडापडी आहेच," बॅटरीवाला हसत म्हणाला. बूट सोडले तर माणूस वाईट नव्हता.

जागामालक वस्तीतल्या चार लोकांना घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. धाकटी आणि आणखी तिघं हेल्मेट चढवून निघाले. मावशी सवयीनं शेडमध्ये जाऊन बसली, पाना हातात धरला आणि कान टवकारले.

काहीच नाही! म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. चेनची किरकिर, मातीत टायर घासल्याचा आवाज, उडी मारून गाडी टेकली की धप्. पण कोण कुठे आहे, कशाचा कशाला पत्ता नाही. एक, दोन, म्हणून मोजायला जावं तोवर दोघांचं एकच होऊन जायचं. तीस वर्षांची विद्या, आणि सगळं मुसळ केरात.

मास्तर मात्र रंगात आले होते. "टाच खाली! कोपर बाहेर! अरे, नजर पुढे, पुढे!" त्या बसक्या घशातून आलेला शब्द न् शब्द ट्रॅकभर ऐकू जात होता. इतकंच काय, उलट उत्तरंही ऐकू येत होती. वळणावर एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा आज सुटलाय रे!"

"म्हातारा कुणाला म्हणतोस?" मास्तर गरजले. इतकी वर्षं पोरं आपल्याला काय म्हणत होती, हे त्या भल्या गृहस्थाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बॅटरीवाला खो खो हसला. मावशीला हसू येईना. ती उठून दारात उभी राहिली. उंचवट्यावरून एक गाडी पलीकडे गेली, मागून धाकटीची. पहिली गाडी फिरून अलीकडे आली. धाकटीची काही येईना.

"आई!"

उंचवट्यामागून. स्पष्ट. "ए आई!"

मावशी कशी धावली ते तिलाही सांगता आलं नसतं. चप्पल कुठे गेली, पाना कुठे पडला, कशाची शुद्ध नव्हती. उंचवटा चढून ती घसरतच पलीकडे उतरली. धाकटी मातीत बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. गाडी आडवी झाल्या झाल्या आपोआप बंद पडून शेजारी गप्प पडली होती.

"कुठे लागलं? डोकं? पाठ? बोटं हलव. हलव आधी!"

"मनगटच आहे गं. मोडलंय बहुतेक." धाकटी आईकडे नवलानं बघत होती. "इतक्यात आलीस?"

"हाक मारलीस ना!"

"मारली. पण ऐकू आली तुला?"

"म्हणजे? बहिरी आहे का मी?"

धाकटीनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षीपण मारत होते."

"काय मारत होतीस?"

"हाका. गाडी पडली तरी इंजिन चालूच होतं गं. आडवं पडून फडफडत होतं. पाय खाली भाजत होता. आई, आई करून घसा फुटायची वेळ आली. मग केव्हातरी इंजिन आपोआप बंद पडलं, आणि तू आलीस."

मावशी लेकीशेजारी मातीत टेकली. म्हणजे गेल्या वर्षी आवाज चारच्या चार चालू होते. ते चारही तिनं मोजले होते, सगळं ठीक आहे म्हणून समाधान मानलं होतं. कदाचित तेव्हा तिनं शेडमध्ये चहासुद्धा टाकला असेल.

"बोलली का नाहीस मला?"

"दवाखान्यात तू सगळ्यांना सांगत होतीस, कसं क्षणात ओळखलंस ते. डॉक्टरांना सांगितलंस, नर्सला सांगितलंस, बाहेरच्या वॉचमनलाही सांगितलंस. इतकी खूश होतीस. मग राहूनच गेलं."

मावशीला रडू फुटलं. चारचौघांत कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई, ती लेकीचं धुळीनं माखलेलं डोकं छातीशी धरून हमसून हमसून रडली. "चुकलं गं माझं, चुकलं," एवढंच म्हणत राहिली.

"आई, हात! हात दुखतोय!" धाकटी ओरडली, तेव्हा कुठे तिनं सोडलं.

मास्तर धापा टाकत आले, मागून बॅटरीवाला. त्याचे बूट आता मातीत बरबटले होते. धाकटीला दोन्हीकडून आधार देऊन सगळे शेडपाशी पोचेपर्यंत जागामालकही भिंतीकडून घाईघाईनं आला. आधी त्यानं पोरीची चौकशी केली. मग जरा चाचरत म्हणाला, "मावशी, गाड्यांचं म्हणाल तर कमाल झाली. भिंतीपाशी कुणाला काही त्रास नाही. फक्त मध्ये पोरीचं ते ओरडणं ऐकू आलं ना, त्यानं एक आजी दचकल्या. तेवढं जरा..."

"नाही," मावशी म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते, पण आवाज ठाम होता. "आजपासून पेट्रोलची एकही गाडी फाटकाच्या आत येणार नाही, हा माझा शब्द. पण पडलेलं लेकरू ओरडणारच. आणि ते मला ऐकू आलंच पाहिजे. त्या आजींना सांगा, दचकल्या तर दचकल्या."

जागामालकानं धाकटीच्या सुजलेल्या मनगटाकडे बघून खिशातून गाडीची किल्ली काढली.

"सांगतो," तो म्हणाला. "चला, माझी गाडी बाहेरच आहे. आधी दवाखान्यात जाऊ."