खोलीतलं बोलणं

तनुजा आठवड्यातून तीन दिवस हर्सूलच्या एका खाजगी शाळेत जायची. जिन्याखालच्या तिच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. मुलं तिला 'डोक्याची मॅडम' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. मुलं येत होती, बोलत होती, तेवढं पुरे होतं.

नववीतली अपेक्षा मात्र स्वतःहून आली नव्हती. वर्गशिक्षकांनी पाठवली होती. "तोंडी विचारा, घडाघडा सांगते. पेपरात मात्र चार ओळी. आळशी आहे झालं."

तनुजानं तिला एक उतारा वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीला पोरगी अडली. तिनं पुस्तक मिटलं आणि पोट दुखतंय म्हणून निघून गेली. ती बोलती झाली तिसऱ्या भेटीत.

"जोडाक्षर आलं की मी तिथंच अडकते, मॅडम. ते सुटेपर्यंत मागचं विसरते."

"मग नववीपर्यंत आलीस कशी?"

अपेक्षानं दाराकडं पाहिलं. मग हळूच सांगितलं. तिच्या बाकावरची मोनिका मधल्या सुट्टीत धडे वाचून दाखवायची, ते ऐकून अपेक्षा पाठ करायची. गृहपाठही मोनिकाच लिहायची, अपेक्षासारखं अक्षर काढून.

"कुणाला सांगणार नाय ना?"

"नाही. या खोलीतलं या खोलीतच राहील."

पुढच्या पंधरा दिवसांत तनुजानं सगळ्या चाचण्या घेतल्या. मुलगी हुशार होती. अडचण वाचण्या-लिहिण्याची होती. सरकारी रुग्णालयातून तसं प्रमाणपत्र काढलं, तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला असता. मुख्याध्यापक विश्वजीत सर ऐकून खूश झाले. "सगळं सविस्तर लिहा, मॅडम. आपल्या दोघांतच राहील. मला पोरीला मदत करता आली पाहिजे."

याच माणसानं संस्थेशी भांडून तिची नेमणूक करून घेतली होती. तनुजानं सविस्तर लिहिलं. पोरगी किती धडपडते ते कळावं म्हणून मोनिकाचंही लिहिलं. अपेक्षाला न विचारता.

आठ दिवसांनी ती वर्गात गेली, तेव्हा अपेक्षा नव्हती. मोनिकाला दुसऱ्या तुकडीत हलवलं होतं. ती तनुजाकडं बघत नव्हती.

"आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं," ती म्हणाली. "सरांनी तुमचा कागद वाचून दाखवला. सगळ्या सरांपुढं. माझे पप्पा पण होते. अपेक्षाला दाखला दिला."

तनुजा तशीच ऑफिसात गेली. विश्वजीत सरांनी शांतपणे फाइल उघडून तिच्यापुढं सरकवली. अपेक्षाच्या आईचा अर्ज होता, खाली निशा राजकुमार अशी सही. मजकूर टाइप केलेला: 'समुपदेशक तनुजा मॅडम यांच्या सल्ल्यानुसार पाल्याची शाळा बदलत आहोत.'

"मी असा सल्ला दिलेला नाही, सर."

"अडचण तुम्हीच शोधून दिलीत ना? पुढच्या वर्षी ती दहावीला. तीन वर्षं आपला निकाल शंभर टक्के आहे. एका पोरीसाठी घालवू?"

"तुम्ही मला सांगितलं होतं, मदत करायची आहे."

"शाळेला मदत झाली," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

संध्याकाळी ती अपेक्षाच्या घरी गेली. निशा बिडकीनच्या कंपनीतून नुकतीच आली होती. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"सर म्हणले, मॅडमचाच सल्ला हाय. कागदावर तुमचं नाव बघून सही केली म्या. नायतर केली नसती."

अपेक्षा आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"मी तुम्हाला इचारलं होतं," ती म्हणाली.

तनुजानं रस्ताभर बरंच काही जुळवून आणलं होतं, सरांनी कसं फसवलं ते. ते तिनं बाजूला ठेवलं.

"हो. लिहायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं. माझी चूक झाली."

पोरगी आत निघून गेली.

तनुजानं शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं, की तो सल्ला आपला नव्हता. उत्तर आलं नाही. महिनाअखेरीस शाळेनं मात्र तिला येऊ नका म्हणून सांगितलं. तोवर निशानं माहेरी, फुलंब्रीच्या एका शाळेत अपेक्षाचं नाव घातलं होतं. प्रमाणपत्रासाठी तनुजानंच धावपळ केली, अर्ज भरले, तारीख घेतली. निशानं नको म्हटलं नाही. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

रुग्णालयात नाव पुकारल्यावर तिघीही उठल्या.

"ह्या बाहेर बसतील," अपेक्षा डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

तनुजा बाहेरच्या बाकावर बसली. आत दीड तास लागला.

प्रमाणपत्र मिळालं. नव्या वर्गशिक्षिकेला, केसरबाईंना, समजावून सांगायला येऊ का, असं तनुजानं फोनवर विचारलं.

"नको," निशा म्हणाली. "तिनं सोताच सांगितलं त्यांला. मला वाचता येत नाय, ऐकून येतं, म्हणली. बाई चांगल्या हायेत. रोज अर्धा तास घेतात तिला."

"माझ्याबद्दल काही बोलते का?"

"नाय, मॅडम. तुमचं नाव काढत नाय ती."