लाइनबॅकरची सातवी चाल

२००६च्या सप्टेंबरात गॅरीनं माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर एक डीव्हीडी ठेवली.

"लाइनबॅकर आहे. इथली शाळा संपवून अमेरिकेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं खेळलाय. आता आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअरिंगला यायचं म्हणतोय. शनिवारी ट्रायल आहे, त्याआधी मार्क दे."

मी कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावरच्या एका युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्याच्या तीन वर्षं आधी माझे दोन विद्यार्थी ट्युटोरियल बुडवून कुठे जातात हे बघायला मी मैदानावर गेले होते आणि तिथेच अडकले. अमेरिकन फुटबॉल मला तेव्हा नुसती मारामारी वाटली. मग लक्षात आलं, ही तर बुद्धिबळासारखी चालींची लढाई आहे, फक्त मोहरी शंभर किलोंची. मी वहीत आकडे मांडायला लागले, आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या, अमेरिकन तळावर हा खेळ शिकलेल्या गॅरी कोचनं मला टीममध्ये ओढलं. नवा खेळाडू घ्यायचा तर आधी त्याचा व्हिडिओ माझ्याकडे यायचा.

डीव्हीडीच्या कव्हरवर नाव होतं, अनिश पेंढारकर.

खरं सांगते, नाव वाचून मला आनंद झाला नाही, धास्ती वाटली. 'सुचेतानं आपला माणूस आणला' असं कुणी म्हणायला नको. त्या भीतीनं पहिल्याच बैठकीत माझा हात आखडला. वेग दहापैकी तीन, कारण चाळीस यार्ड पळायला त्याला पाच सेकंदांवर लागत होते. ताकद सहा. निर्णयशक्ती चार. आणि पुढचं बघत राहिले.

लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला माणूस. समोरची टीम बॉल घेऊन कुठून घुसणार, हे ओळखून त्यानं वाट अडवायची. अनिश धावताना अगदी सामान्य दिसायचा. तरी जवळजवळ प्रत्येक चालीत बॉल येईल तिथे तो आधीच उभा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला योगायोग वाटला. नवव्यांदा झालं तेव्हा मी चहा बाजूला ठेवला.

मी चित्र थांबवून थांबवून मोजायला लागले. बॉल खेळात आल्यापासून बाकीच्या खेळाडूंचं पहिलं पाऊल दहाव्या-अकराव्या फ्रेमला पडत होतं. अनिशचं चौथ्या. एका चालीत तर सगळे उजवीकडे झेपावले आणि हा एकटा डावीकडे सरकला. चुकला, असं म्हणत मी फ्रेम पुढे नेली. बॉल डावीकडे आला. त्रेचाळीस चालींपैकी अडतीस वेळा तो बरोबर होता.

आकड्यांवर माझा विश्वास आहे, पण हे आकडे बघून मी माझ्यावरच संशय घेतला. पुन्हा पहिल्यापासून मोजले. अडतीसच आले.

शनिवारी सकाळी अनिश बसनं आला. सहा फूट एक इंच, रुंद खांदे, बूट सुपरमार्केटच्या पिशवीत. माझ्यासमोर येऊन जरा घुटमळला.

"तुमची नाव शीटवर बघितली. माझा आई म्हणाला, सुचेता म्हणजे नक्की मराठी असणार."

"आई म्हणाली," मी सवयीनं सुधारलं.

"सॉरी, म्हणाली. मग तुम्ही मराठी?"

"हो. पण आज नाही. आज मी फक्त परीक्षक."

तो हसला. "फेअर इनफ, मावशी."

गॅरीनं आधी स्टॉपवॉच काढलं. चाळीस यार्ड, पाच पूर्णांक एक. पुन्हा पळवलं. पाच पूर्णांक दोन. गॅरीनं माझ्याकडे बघून मान हलवली.

"म्हणूनच अमेरिकेनं परत पाठवला," तो हळू आवाजात म्हणाला. "चांगला मुलगा आहे. पण जड आहे."

"त्याला दहा चाली खेळू दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"माझं गणित बरोबर आहे का बघायचंय. चाली तू निवड. मलाही सांगू नकोस."

गॅरीला असली आव्हानं आवडतात. त्यानं आक्रमणाची टीम घोळक्यात घेतली आणि पाच मिनिटं कुजबुजला. मी साइडलाइनवर वही घेऊन उभी राहिले.

पहिली चाल मधून होती. अनिश मध्ये. दुसरी उजव्या कडेनं. अनिश कडेला. तिसरीत त्यानं बॉल खेळात येण्याआधीच शेजारच्या मुलाला दंडाला धरून दोन पावलं सरकवलं आणि बॉल नेणारा नेमका त्या मुलाच्या अंगावर येऊन आदळला. त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा इतका सुबक टॅकल केला असावा, तो स्वतःच चकित होऊन बसून राहिला. सहावी चाल होईपर्यंत बेंचवरची मुलं उठून रेषेपाशी आली होती.

सातवी चाल गॅरीनं त्या सकाळीच रचली होती, टीमनंही ती कधी खेळली नव्हती. बॉल घेणाऱ्यानं उजवीकडे जोरात धाव घेतली आणि आख्खा बचाव त्याच्यामागे. अनिश मात्र हललाच नाही. सकाळपासून पहिल्यांदाच तो खांबासारखा उभा. चला, शेवटी चुकला, असं मला वाटलं, आणि वाईट वाटलं. तेवढ्यात पळणारा थांबला आणि वळून त्यानं बॉल उलट्या बाजूला, लांब डावीकडे फेकला. अनिश शांतपणे चार पावलं त्या बाजूला मागे गेला, हात वर केले आणि बॉल त्याच्या हातात पडला.



गॅरीनं उरलेल्या तीन चाली खेळवल्याच नाहीत. तो सावकाश चालत अनिशपाशी गेला. मीही गेले.

"तुला कसं कळलं?" गॅरीनं विचारलं.

अनिशनं हेल्मेट काढलं. आपण काही चुकलो की काय, असा चेहरा. "त्यांची बोटं," तो म्हणाला.

"काय?"

"पुढच्या रांगेतले लोक एक हात जमिनीवर टेकतात ना. पुढे घुसायचं असेल तर सगळं वजन बोटांवर येतं, नखं पांढरी होतात. मागे यायचं असेल तर बोटं सैल. कडेला जायचं तर एका बाजूची बोटं दाबलेली." त्यानं पुढच्या रांगेकडे मान वळवली. "मघाशी एकाची पांढरी होती आणि त्याच्या शेजारच्याची सैल. दोघं वेगळं सांगत होते. म्हणून मी वेट केलं."

मी मोजून पाहिलं. तो पुढच्या रांगेपासून पाच यार्डांवर उभा राहतो. तिथून, हेल्मेटच्या जाळीतून, पाच माणसांची नखं, एका श्वासात.

"हे तुला अमेरिकेत कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"नाही. मोठ्या तीन कॉलेजचे लोक मला बघायला आले होते. स्टॉपवॉच लावलं आणि गेले. कुणी विचारलं नाही." मग तो अगदी साधेपणानं म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांना दिसतं."

गॅरीनं टोपी काढून डोकं खाजवलं. पंचवीस वर्षं हा खेळ शिकवणारा माणूस, तो तिथेच गवतावर एक हात टेकून स्वतःची नखं बघायला लागला. मी वही उघडली, निर्णयशक्तीपुढचे चार खोडले आणि दहा लिहिले.

"चार का होते?" अनिशनं वाकून बघितलं होतं.

"तुझं आडनाव वाचून मी घाबरले होते," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील म्हणून. चूक माझी. सॉरी."

त्याला हे पूर्ण कळलं की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, "इट्स ओके, मावशी. चार म्हणजे झीरो नाही."

नोव्हेंबरात आमची पहिली मॅच झाली, चिखलात. समोरची टीम गेली दोन वर्षं आम्हाला धुऊन काढत होती. त्या दुपारी त्यांना तीनच गुण मिळाले. मॅच संपल्यावर त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो, तावातावानं अनिशकडे आला.

"आमच्या चालींची वही तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही," अनिश म्हणाला. "थांब, दाखवतो."

आणि तो खरोखरच गुडघ्यांवर बसला. त्या मुलाला शेजारी बसवलं, त्याचा हात चिखलात टेकवला, बोट दाबून दाखवलं, सैल सोडून दाखवलं. मग त्यांच्या पुढच्या रांगेतल्या पाचही जणांना हाक मारली. गॅरी बसच्या दारातून ओरडला, "पेंढारकर! फेब्रुवारीत पुन्हा यांच्याशीच खेळायचंय!" अनिशनं हात वर करून ऐकल्याची खूण केली आणि शिकवत राहिला. मला त्याला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, बघत राहिले.

फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला तीन गुणांनी हरवलं. शेवटची शिट्टी झाल्यावर अनिश चिखल झाडत माझ्याकडे आला. मी त्याची समजूत काढायच्या तयारीत होते, पण त्याचे डोळे चमकत होते.

"मावशी, बघितलं का तुम्ही?" तो म्हणाला. "बोटं किती छान लपवली त्यांनी!"