चौथं कडवं

यादोरावांनी स्टेजमागे जाऊन साउंडची पिन उपटली आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या भर जत्रेत विक्कीचं गाणं तोंडातल्या तोंडात राहिलं.

विक्की गोंदियाच्या ऑर्केस्ट्राचा गायक. आवाज गेल्यावरही त्याचे हातवारे थोडा वेळ चालूच होते, मग त्याच्याही लक्षात आलं. पोरं शिट्ट्या मारू लागली. यादोरावांची सून दुर्गेश्वरी तेव्हा शिंगाडे विकणाऱ्या म्हाताऱ्या धुरपताबाईंच्या टोपलीशी शिंगाडे घेत होती. सासऱ्याच्या हातात लोंबणारी वायर दिसताच ती शिंगाडे तिथंच टाकून धावली.

तिला लाज वाटली असेल असं कोणाला वाटलं असेल तर ते चूक. तिला वाटलं, बरं केलं. हे आधीच व्हायला हवं होतं. ‘लोंबी वाकली, सजणी’ हे गाणं यादोरावांनी बांधलेलं. आता ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक डीजेवर, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर, आणि खाली लिहिलेलं काय, तर पारंपरिक गीत. पारंपरिक म्हणजे कोणाचंच नाही, असा हा सोयीचा अर्थ. माणूस धडधाकट जिवंत आहे, रोज देवरीच्या चौकात चहा पितो, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांशी वाद घालतो, आणि त्याचं गाणं मात्र बेवारस.

दुर्गेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा यादोरावांनी स्टेज सोडलं होतं. पण सासऱ्याची कीर्ती तिनं माहेरीच ऐकली होती. मिसरूड फुटायच्या आधी ते छोटेलाल शाहिराच्या खडी गंमतीच्या, म्हणजे इकडच्या तमाशाच्या, फडात झीलकरी म्हणून उभे राहिले. मुख्य गाणाऱ्याच्या मागं उभं राहून त्याची ओळ उचलायची, हे झीलकऱ्याचं काम. तिथून ते लुगडं नेसून नाचले, मग वडशाच्या नाटक कंपनीत राजा झाले, दारुडा झाले, इन्स्पेक्टर झाले. इन्स्पेक्टर तर इतके झाले की अजूनही देवरीच्या स्टँडवरचे कंडक्टर त्यांना सलाम ठोकतात. गाणं सुरू केलं की वन्समोअरनं नाटक पुढं सरकत नसे. पुढं घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची नुसती खरखर उरली. तेव्हापासून घरात ते गुणगुणतही नसत. बोलायला मात्र त्या खरखरीची काही अडचण नव्हती.

“नाव काऊन कापलं गा?” ते विक्कीला विचारत होते.

“कोणतं नाव, काका?”

“शेवटच्या कडव्यातलं. तीनच कडवे म्हणून राहिला तू. चौथं कुठी गेलं?”

विक्की काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं हात जोडले आणि सांगितलं की आमच्यापर्यंत एवढंच आलं, मोबाइलवर भी तीनच है. चौथं कडवं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष गोवर्धनभाऊ घाम पुसत आले आणि म्हणाले, यादोरावजी, वर्षातून एकदा मंडई भरते, पब्लिक खोळंबली आहे, हे नावबिव नंतर बघू.

नंतर! दुर्गेश्वरीच्या अंगाचा भडका उडाला. त्या माणसानं उभी हयात या लोकांना रिझवलं, आणि त्याचं नाव घ्यायला यांना वेळ नाही. ती सरळ स्टेजच्या पायरीवर चढली.

“गाणं मामाजींचं होय,” ती म्हणाली. “माईकवर तसं सांगा. मंगच पिन लागन.”

विक्कीला हायसं वाटलं. इतनी सी बात, म्हणत त्यानं स्वतःच पिन लावली आणि पुकारा केला की या सुपरहिट गाण्याचे असली रचनाकार यादोरावजी आज आपल्यात हजर आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोवर्धनभाऊंनी पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांतला एक उचलून यादोरावांच्या गळ्यात घातला. दुर्गेश्वरीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी का होईना, झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

यादोरावांनी हार काढला आणि स्टेजच्या खांबाला अडकवला.

“माझं नाव कोणी मांगलं तुले?” ते सुनेला म्हणाले. “छोटेलालचं नाव आहे त्याच्यात.”

दुर्गेश्वरीला काही कळेना.

“पण गाणं तर तुमी बांधलं ना, मामाजी?”

“बांधलं मीनंच. पण आमच्या फडात शेवटी नाव गुरूचं घालत. चेला कितीबी मोठा झाला तरी.” त्यांना दम लागला. मग ते हळू बोलले. “मागं ना लेक, ना लेकरू. बायको आहे, तिच्या तोंडून त नवऱ्याचं नाव निघतच नाही. गाण्यानं नाही घेतलं त कोण घेईन त्याचं नाव?”

दुर्गेश्वरीनं मागं वळून टोपल्यांच्या रांगेकडं पाहिलं. दर मंडईत यादोराव सगळ्यांत आधी धुरपताबाईंच्या टोपलीशी का थांबतात, त्यांना ‘माय’ का म्हणतात आणि पहिला शिंगाडा त्यांच्याच हातचा का खातात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हातारीवरची दया, एवढंच ती धरून चालली होती. आता तिला स्वतःचाच राग आला. इतका वेळ ती भांडली, पण ज्याच्यासाठी भांडायचं तो माणूसच वेगळा होता.

ती विक्कीकडं वळली.

“चौथं कडवं म्हणा,” ती म्हणाली. “नाही त पिन पुन्हा निघन. या खेपी मी काढीन.”

गोवर्धनभाऊंनी घड्याळाकडं बोट दाखवलं, पण त्यांच्याकडं कोणी पाहिलं नाही. यादोरावांनी विक्कीच्या कानाशी तोंड नेऊन ओळी सांगितल्या. विक्कीनं त्या दोनदा घोळवल्या आणि की-बोर्डवाल्याला थांबायची खूण केली. नुसत्या ढोलकीवर त्यानं कडवं उचललं. यादोराव सवयीनं एक पाऊल मागं सरकले आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले. दुर्गेश्वरी स्टेजवरून उतरली आणि टाकलेल्या शिंगाड्यांपाशी परत गेली.

“खळं झालं रिकामं, पाखरं गेली दूर गं,
छोटेलाल म्हणे, सखे, सांभाळ माझा सूर गं.”

मागून ती खरखर आली. सूर नव्हताच, पण ओळ उचलली गेली. “सांभाळ माझा सूर गं.” एकदोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तरण्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

धुरपताबाईंच्या हातातलं शिंगाड्यांचं माप तसंच टोपलीत पडलं. त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, पार कपाळापर्यंत, आणि मान खाली घातली. कोणी बाहेरून घरात आल्यावर ओढावा तसा.

समोर उभ्या गिऱ्हाइकानं स्टेजकडं पाहत विचारलं, “कोण होता वं माय हा छोटेलाल?”

धुरपताबाईंनी माप पुन्हा भरलं आणि त्याच्या पिशवीत ओतलं.

“आमच्या घरचे होत,” त्या म्हणाल्या.