क्षमेची रांग

बिबवेवाडीच्या योगवर्गाचं गटप्रमुखपद म्हणजे काय, तर हॉलच्या दोन चाव्या आणि एक शिट्टी. पण निवृत्त मुख्याध्यापिका श्यामलाताईंचा त्यावर तीन वर्षं डोळा होता. शाळा संपल्यापासून हुकूम ऐकायला घरात एकटे दीनानाथराव उरले होते, आणि एका नवऱ्यावर अख्खी मुख्याध्यापकी भागवायची तरी किती!

एक जानेवारीला योगशिक्षक आमोदने जाहीर केलं, "यंदाचा संकल्प क्षमेचा. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासमोर जायचं, कारण सांगायचं आणि क्षमा करायची. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त हात जोडायचे. जो सगळ्यांत शांतपणे ऐकून घेईल, तो गटप्रमुख." आमोदचं वय अठ्ठावीस. या वयात माणसं फार चांगली वाटतात.

श्यामलाताईंच्या मनात बावीस नावं तयार होती. आज सगळ्यांना सढळ हाताने माफ करून टाकायचं, असं ठरवून त्या उठल्या, तर समोर ही लांब रांग. प्रसाद वाटताहेत की काय, म्हणून त्याही रांगेत शिरायला निघाल्या. तेव्हा कळलं, रांग त्यांच्यासाठीच लागली होती.

"ताई, माझ्या भुजंगासनाला तुम्ही गांडूळ म्हणालात. क्षमा केली," अस्मिता म्हणाली.

श्यामलाताईंनी ओठ आवळून हात जोडले.

"आईच्या तेराव्याला भेटायला आलात आणि माझी पाठ वाकडी असल्याचं सांगून गेलात. क्षमा केली," गोपाळकृष्ण म्हणाले.

"अहो, वाकडी आहेच!" ताईंच्या तोंडून गेलंच. "भिंतीला टेकून बसा म्हणून किती वेळा सांगितलं!"

आमोदने मान खाली घातली. शिट्टी गेली, चाव्याही गेल्या. ताईंना रडूच यायचं बाकी होतं, पण रांग काही मोडली नाही. पुण्याचा माणूस एकदा रांगेत उभा राहिला की आपला नंबर सोडत नाही. एकेकाने पुढे येऊन रीतसर, कारणासकट क्षमा केली.

रांगेच्या टोकाला दीनानाथराव उभे होते. मागून आलेल्या तनयाला ते अदबीने म्हणत होते, "आपण व्हा पुढे. मला जरा वेळ लागेल."

तनया आपली क्षमा उरकून गेली. दीनानाथराव समोर आले.

"अहो, तुम्हीसुद्धा?" श्यामलाताईंचा आवाज चिरकला. "घरी बोलायचं होतंत की!"

"घरी हा हात जोडून ऐकायचा नियम नाही ना."

त्यांनी चटई अंथरली, तिच्यावर ऐसपैस मांडी घातली आणि चष्मा पुसला.

"शहाऐंशी सालापासून सुरुवात करतो," ते म्हणाले.