तिसरा वॉश

भावाच्या पायातले जंतू गुरुवारी आमच्याच प्रयोगशाळेत आले. शिडीचा खिळा लागल्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. शुक्रवारी त्या जंतूंचं विष माझ्या नळीत होतं. ते पांढऱ्या पेशी किती झपाट्याने मारतं, एवढंच बघायचं होतं. जहाल निघालं तर सर्जन त्याच दिवशी पाय कापणार होते. भाऊ रंगारी. एका पायावर शिडी कशी चढणार?

पेशींसाठी आम्ही आपापसांतच रक्त देतो. ज्याची पाळी, त्याने बाही वर करायची. त्या दिवशी पाळी आमच्या मोठ्या बाईंची होती आणि त्या मीटिंगमध्ये अडकल्या होत्या. मला कुठला धीर! मी माझंच रक्त काढायला लावलं. पेशी वेगळ्या केल्यावर तीन वॉश द्यायचे असतात, म्हणजे रक्तातलं पाणी पुरतं निघून जातं. मी दोनच दिले. याच तिसऱ्या वॉशवरून वीस वर्षं हाताखालच्या पोरींना फाडून खाल्लंय मी.

पेशींवर विष घातलं आणि तासाभराने मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी ठणठणीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? सर्जनना फोन केला, मग भावाला.

"पाय राहतोय रे, गधड्या."

"डॉक्टर तर कापूनच टाका म्हणत होते. पण तू म्हणतेस ना ताई, मग थांबतो."

शनिवारी सकाळी बाईंनी माझी वही वाचली. "तुला कधी गळवं झाली होती का गं?"

"लहानपणी. ढीगभर."

त्यांनी वहीतल्या 'दोन वॉश'वर बोट ठेवलं. तेव्हा मला उमगलं. गळवंही याच जंतूंची. त्यांच्या विषावरचा उतारा माझ्या रक्तात कधीचाच तयार होता आणि धुवून काढायच्या राहिलेल्या रक्ताच्या पाण्यातून तोच पेशींना वाचवत होता. भावाकडे तो नव्हता.

बाईंनी लगेच बाही वर केली. या वेळी तीन वॉश दिले. वीस मिनिटांत एकही पेशी जिवंत उरली नाही. मी धावत हॉस्पिटल गाठलं, तोवर सूज कमरेच्या वर गेली होती आणि कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं. रविवारी दुपारी तो गेला.

भावजयीने माझे दोन्ही हात धरले. "ताई, शेवटपर्यंत म्हणत होते, ताईने माझा पाय वाचवला. तुमच्यामुळे अख्ख्या देहाने गेले हो."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे किती मायेने बघत होती! मी "हो" म्हणाले.